सातवे पिल्लू आणि केळीचे पान

तळ्याकाठच्या बांबूच्या बेटात एक रानकोंबडी राहत असे. टापटीप म्हणजे तिचा जीव की प्राण. घरट्यातली एक काडी वाकडी दिसली तरी तिला घास गोड लागत नसे. एकदा तळ्यातली एक बदकीण तिच्या घरट्यात सात अंडी घालून गेली ती गेलीच. बदकिणीला बसून राहण्याचा भारी कंटाळा. थंड पडत चाललेली अंडी पाहून कोंबडीला राहवले नाही. त्यातून ती नुकतीच खुडूक झालेली, म्हणजे अंडी उबवायला आसुसलेली होती. तिने ती सातही अंडी पंखांखाली घेतली.

कोंबडीची अंडी एकविसाव्या दिवशी फुटतात, एवढेच तिला ठाऊक. एकविसावा दिवस गेला, बाविसावा गेला. "नासली असतील ती. ऊठ आता," वरच्या फांदीवरून कावळा म्हणाला. कोंबडी उठली नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी सहा पिल्ले बाहेर आली आणि अंग वाळताच घरट्याभोवतीच्या मातीत दुडदुडू लागली. सातव्याला मात्र टरफल फोडायला आणखी एक दिवस लागला. बाहेर आले तेव्हा ते इतके थकले होते, की त्याला मानही उचलवेना.

कोंबडीला त्याचा फार कळवळा आला. तिने टरफले, पिसे, जुने गवत, सगळे बाहेर फेकले. रानकेळीचे कोवळे, चकचकीत पान अंथरले आणि पिल्लाला त्यावर ठेवले. मातीचा कणही तिने त्याला लागू दिला नाही. पण दोन दिवस झाले तरी पिल्लू उभे राहीना. उठायला जाई, की त्याचे पाय दोन दिशांना फाकत आणि ते पोटावर आपटे. अंड्यातून पोटात घेऊन आलेले बळही आता संपत आले होते.

"पायच अधू आहेत त्याचे," कावळा म्हणाला. "एकापायी बाकीच्या सहा जणांना उपाशी ठेवणार का? तू जा त्यांना घेऊन. याच्याजवळ मी आहे ना!" कावळ्याला एवढी माया का आली, ते मुलांनो, तुम्हाला सांगायला नकोच. कोंबडी रडकुंडीला आली.

इतक्यात पाने शिवून घरटे करणारा एक शिंपी पक्षी गवत शोधत तिथे आला. "ताई, एवढं मऊ गवत कुणी हो टाकलं?" त्याने विचारले. मग त्याचे लक्ष धडपडणाऱ्या पिल्लाकडे गेले. त्याने पिल्लाकडे पाहिले, पानाकडे पाहिले आणि म्हणाला, "जरा या पानावरून चालून दाखवता?"

"त्यात काय! मी रोज इथंच तर असते," कोंबडी म्हणाली.

"तुम्ही इथं बसता, ताई. चालून दाखवा."

कोंबडी तोऱ्यात उठली, दोन पावले चालली आणि सपशेल आपटली.

मग तिने निमूटपणे पान ओढून बाहेर टाकले आणि गवत पुन्हा अंथरले. शिंप्याने कापसाचा मऊ धागा आणून पिल्लाचे दोन्ही पाय सैलसर बांधले. हलतील, पण फाकणार नाहीत, इतकेच. कोंबडी पाण्याचा थेंब चोचीत आणून त्याच्या चोचीला लावी, भिजवलेला दाणा भरवी. पहिल्या दिवशी पिल्लू बऱ्याच वेळा पडले. तिसऱ्या दिवशी ते आपणहून उभे राहिले. चौथ्या दिवशी शिंप्याने धागा सोडला आणि कावळ्याने झाड बदलले.

काही दिवसांनी सातही पिल्ले तळ्यात उतरली. पाणी पाहून कोंबडीचा जीव खालीवर होऊ लागला. काठाने इकडून तिकडे धावताना तिचा पाय सटकला आणि ती पुन्हा आपटली. सहा पिल्ले खो खो हसली. सातवे मात्र पोहत काठाशी आले आणि म्हणाले, "आई, तुझे पाय चांगले आहेत. तिथं शेवाळ आहे."

तात्पर्य : कुणाला दुबळे म्हणण्याआधी, आपण त्याच्या पायाखाली काय अंथरले आहे ते पाहावे.