हौसाचं बोडकं रोप

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाला शाळा होती, आणि फार वाट पाहिल्यावर त्या शाळेला एक गुरुजी मिळाले होते. गुरुजी मनाने लोण्यासारखे मऊ, पण पोरांना ते कसं कळणार? बाहेर चिमण्यांसारखी किलबिलणारी पोरं वर्गात आली की मूग गिळून बसत. "समजलं का?" म्हटलं की "हो गुरुजी," एवढंच. गुरुजींना फार वाईट वाटे.

शेवटी त्यांनी एक युक्ती काढली. शाळेमागच्या पडीक जागेत प्रत्येक मुलाच्या हातून कागदी लिंबाचं एकेक रोप लावून घेतलं आणि सांगितलं, "आपल्या वाट्याला आलेलं जिवापाड जपायचं." पोरं रोज पाणी घालू लागली. तोंडं मात्र मिटलेलीच.

तेवढ्यात दवंडी पिटली गेली. परगण्याचे कारभारी शाळांच्या बागा पाहणार आणि सर्वांत हिरव्या बागेला पितळी घंटा देणार. इथे तर घंटा म्हणून लोखंडाचा तुकडा बडवत. गुरुजींना पितळी घंटेची स्वप्नं पडू लागली.

सगळी रोपं तरारली. फक्त हौसा नावाच्या मुलीचं रोप दिवसेंदिवस बोडकं होत चाललं. गुरुजींनी वाकून पाहिलं, तर पानांवर पाखरांची शीट. जरा वेळाने ती शीट चालू लागली. त्या अळ्या होत्या. बाकीची पोरं अळ्या चिरडायची, म्हणून हौसाने सगळ्या वेचून आपल्या रोपावर आणून सोडल्या होत्या.

गुरुजी अळ्या मारायला तांब्याभर तंबाखूचं पाणी घेऊन आले, तर हौसा रोपापुढे आडवी उभी.

"बाजूला हो पोरी. अशानं आपली घंटा जाईल."

हौसा कधी नव्हे ती बोलली. "गुरुजी, तुमीच म्हणलात न्हवं, वाट्याला आलेलं जपायचं? रोप माझ्या वाट्याचं, मग त्येच्यावरल्या अळ्या कुनाच्या?"

पितळी घंटा गुरुजींच्या डोळ्यांपुढून हलेना. तरी त्यांनी तांब्या कुंपणापलीकडे नेऊन रिता केला आणि रोपापाशी मांडी घालून बसले.

"यातून कसलं फुलपाखरू निघेल गं? मलाही ठाऊक नाही."

पोरं हळूहळू गोळा झाली. भिवा म्हणाला पिवळं, हौसा म्हणाली काळं. वाद रंगला आणि गुरुजीही त्यात पडले.

कारभारी आले. त्या रोपापाशी थबकून म्हणाले, "इथं शेळी बांधता की काय?" घंटा शेजारच्या गावाला गेली. गुरुजींना हळहळ वाटली, खोटं कशाला बोला.

पुढे एका सकाळी पाढे चालू असताना खिडकीतून बाहेर बघत हौसा ओरडली, "गुरुजी, निघालं!" पाढे अर्ध्यावर टाकून सगळ्यांच्या पुढे गुरुजीच धावले. काळ्या पंखांवर पिवळे ठिपके होते, म्हणजे दोघांचंही खरं ठरलं.

त्या दिवसापासून पोरांची तोंडं सुटली ती सुटलीच. कुणाची गाय व्याली, कुणाचा दात हलतोय, सगळं आधी गुरुजींच्या कानावर. वर्ग गप्प करता करता त्यांच्या नाकी नऊ येत, आणि घरी जाताना ते स्वतःशीच हसत.

तात्पर्य: मुलांना जे शिकवलं, ते आपल्यावर वेळ आली की आपणही पाळावं, मग मुलं आपली व्हायला वेळ लागत नाही.