इनासचा बैल आणि कोंडलेला आयतवार

एका राज्यात राजाला हाकलून पाच जादूगारांची सभा गादीवर बसली. सभा म्हणाली, राज्य नवं, तर दिवसही नवे. मग त्यांनी विसाव्याचा नि प्रार्थनेचा वार, आयतवार, पकडला नि तांब्याच्या पेटीत कोंडून तीन कुलपं घातली. त्या जादूनं प्रजेला चारापुढं दिवस मोजता येईनात, आज कुठला वार ते कुणाला कळेना. इगर्जीला टाळं लागलं, पाद्री रानात लपले. गावकरी कोयते घेऊन उठले, तर सैन्यानं सात गावं जाळली आणि चाळीस माणसं कैद केली. त्यांत इनास नांगऱ्याची लेक होती, नातालीन.

एक साळुंकी इनासच्या नांगरावर बसून म्हणाली, "ओळीनं तीन आयतवार ओळखशील, तर पेटी उघडेल."

इनास सभेपुढं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तीन आयतवार ओळखून दाखवतो, कैदी सोडा."

थोरला जादूगार म्हणाला, "एकदा जरी चुकलास म्हाताऱ्या, तर कैदी नदीत."

"बरं, सरकार."

एका सकाळी इनासचा कवड्या बैल नांगर ओढता ओढता भर शेतात थांबला. शिपायांनी चाबूक ओढले, तरी हलेना. "आज आयतवार," इनास म्हणाला. पहिलं कुलूप गळून पडलं. दिवस गेले, कवड्या पुन्हा थांबला, दुसरं कुलूप पडलं.

मग सभेनं बैल कापला. जू इनासच्या मानेवर आलं. शिपाई कैद्यांच्या गळ्यात दगड बांधून त्यांना रोज शेतालगतच्या नदीकाठावर उभं करू लागले. इनास नांगर ओढी आणि मनात म्हणे, आज का उद्या? चुकलो तर पोर गेली.

काठावरून नातालीन म्हणाली, "बाबा, कवड्याला कुणी शिकवलेलं?"

इनास थबकला. "मीच की गं. अकरा वर्षं त्या दिवशी जू लावलं नाही त्याला."

मग त्यानं विचार करणं सोडलं. एका पहाटे त्यानं जुवाला हात लावला आणि काढून घेतला.

"आज आयतवार."

शिपायांनी बंदुका रोखल्या. जादूगार म्हणाला, "मोजून दाखव."

"मोजता येत नाही, सरकार. हात जुवाला उठत नाहीत."

कुलूप कितीतरी वेळ तसंच राहिलं. मग पडलं. पेटीतून आयतवार बाहेर आला, पाचही जादूगारांची राख झाली, कैद्यांच्या गळ्यातले दगड सुटले. राजा परतला. पाद्री रानातून आले आणि जळलेल्या सातही गावांतल्या मेलेल्यांना त्यांनी माती दिली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. बैल नव्हता, म्हणून जू बापलेकींनी ओढलं.