एक उंबरा गहाण

चिमाने म्हैस देऊन घर घेतलं, तेव्हा धामणपूरभर हशा पिकला. घर म्हणजे काय, तर भिंती तीन, छप्पर नाही आणि चुलीच्या जागी एरंड उगवलेला!

तिचा बाप सटवाजी गवंडी. जन्मभर त्याने दुसऱ्यांची घरं बांधली आणि शेवटी परांचीवरून पडून पाय मोडून घेतला. मग चिमानेच ठरवलं, हे पडकं घर दुरुस्त करायचं आणि चांगल्या गिऱ्हाइकाला विकायचं. बाप खाटेवरून सांगेल, ती उभं करेल. पण चुना, लाकूड, कौलं फुकट कोण देणार? घर गहाण टाकून पैसे उचलणं आलं. त्यात चूक झाली, तर म्हैस गेलीच होती, घरही जाणार!

पहिला सावकार म्हणाला, "व्याज अगदी थोडं. फक्त दर महिन्याला आणून द्यायचं."

"घर विकल्याशिवाय माझ्याकडे पैसा कुठला? पहिल्याच महिन्यात बुडेन की!"

दुसरा म्हणाला, "जेवढी भिंत चढेल तेवढे पैसे देईन."

"आणि पैशावाचून भिंत कशी चढेल?"

"ते तुझं तू बघ!"

तिसरा गुणाप्पा शेट. त्याच्याकडे चिमाने सहा खेपा घातल्या. सातव्या खेपेला त्याने हसत हसत कागद पुढे केला.

"घर विकल्यावर मुद्दल आणि व्याज एकदम दे. मधे छदामही मागणार नाही. अट एकच."

चिमा अक्षर लावून वाचू लागली. 'एक उंबरा गहाण. कर्ज फिटेपर्यंत उंबऱ्याला हात लावू नये. लावल्यास उंबरा सावकाराचा.'

ती घरी येऊन सांगते तोच सटवाजी खाटेवर उठून बसला.

"खुळी का काय तू! अगं, आपल्याकडे उंबरा म्हणजे घर. घराला हात न लावता घर दुरुस्त कसं करणार?"

"उंबरा म्हणजे घर असं लोक म्हणतात, बा. कागद म्हणत नाही."

"कागदाचा अर्थ सावकार लावतो, पोरी!"

"मग बघू कसा लावतो ते. बाकीच्या दोघांकडे तर पहिली वीटही चढायची नाही."

तिने सही ठोकली.

काम सुरू झालं. भिंती सरळ झाल्या, दारं बसली, छप्पर चढलं. फक्त दारातला जुना सागवानी उंबरा तसाच राहिला. त्याचा एक कोपरा वाळवीने खाल्लेला. चिमाने त्यावर चुन्याचा थेंबसुद्धा पडू दिला नाही. सगळे तो ओलांडून ये-जा करत. एकदा सुतार ठेचकाळला आणि ओरडला, "अगं, हे कुजकं लाकूड काढून टाक की!"

"तेवढं सोडून बोला, मामा!"

चौथ्या महिन्यात घर असं उभं राहिलं, की नरहरी कासाराने बघताक्षणीच इसार दिला. आणि त्याच दिवशी गुणाप्पा शेट धावत दरबारात गेला.

राजे मोठे हट्टी. एकदा शब्द तोंडातून गेला, की परत घेणं त्यांना ठाऊकच नव्हतं. चिमाला बोलावणं आलं.

"महाराज," शेट म्हणाला, "उंबऱ्याला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. हिने भिंती बांधल्या, छप्पर घातलं! आता घर माझं."

"महाराज, उंबरा जसाच्या तसा आहे. माणूस पाठवून बघा."

राजे खवळले. "मला भाषा शिकवतेस? माझ्या राज्यात घरं उंबऱ्यांवर मोजतात. उंबरा म्हणजे घर! माझा शब्द! आता घराला हात न लावता घर कसं बांधलंस, ते इथल्या इथे सिद्ध कर. नाहीतर घर शेटजींचं."

चिमाने हात जोडले.

"मान्य, महाराज. उंबरा म्हणजे घर. फक्त एक विचारते. मी कागद केला, तेव्हा गावात उंबरे किती होते?"

कारभारी म्हणाले, "तीनशे चाळीस."

"त्यात माझा धरला होता?"

"छे! छप्पर नाही, चूल नाही, त्याला उंबरा कोण म्हणेल? चौदा वर्षांत त्याची घरपट्टीसुद्धा घेतलेली नाही."

"मग महाराज, मी घराला हात लावलाच नाही! मी हात लावला मातीच्या ढिगाऱ्याला. घर झालं ते मागून. नसलेला उंबरा शेटजींनी गहाण घेतला, त्याला मी काय करू?"

दरबारात खसखस पिकली. शेट ताडकन उठला.

"खोटं! ते पहिल्यापासून घरच होतं! उंबरा होता, महाराज, होता!"

"होता?" चिमा वळली. "लिहून घ्या, कारभारी. उंबरा होता म्हणजे चौदा वर्षांची पट्टी तुंबली. शेटजी म्हणतात घर त्यांचं, तर भरतीलही तेच!"

शेटला घाम फुटला. "नाही, नाही! माझं म्हणणं तसं नव्हतं. उंबरा म्हणजे... आपला उंबरा! दारातलं लाकूड, महाराज, नुसतं लाकूड!"

"ते जागेवर आहे, शेटजी. वाळवीसकट!"

राजे इतके हसले, की पगडी कानावर आली. हसता हसता मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा गं वा! माझा शब्दही राहिला आणि हिचं घरही राहिलं! शेटजी, तुमचं मुद्दल आणि व्याज घ्या आणि घरी जा. मुली, गावात अशा पडक्या जागा अजून नऊ आहेत. नऊच्या नऊ तुझ्या. चुना आणि लाकूड माझ्या कोठारातून ने."

मग ते कारभाऱ्यांकडे वळले.

"आणि कारभारी, हिच्याशी कागद करताना प्रत्येक शब्दाचा अर्थ आधी हिलाच विचारून घ्या!"