टिकलीखालचा दिवा

हायब्रिड गाड्याही म्हाताऱ्या होऊ लागल्या, त्या काळातली गोष्ट. एका गाडीचं इंजिन फार तापायचं. ते तापलं की समोर लागणारा लाल दिवा डोळ्यांत खुपतो म्हणून मालकीण सुलभाताईंनी त्यावर टिकली चिकटवली होती.

घाटाच्या पायथ्याशी बॅटरी इंजिनाला म्हणाली, "आजोबा, वर चढलात तर पेटाल. मागे ताईंची नात झोपलीय."

"मी कधी कुरकुर केली नाही, पोरी," इंजिन धापा टाकत म्हणालं.

"तेच चुकलं तुमचं."

"थांबलो तर भंगारात देतील गं."

"मग नाव माझं खराब होऊ दे."

बॅटरीने अंग टाकलं. समोर बॅटरीचं चिन्ह लुकलुकलं आणि गाडी थांबली.

"मेली बॅटरीच कुचकामी," म्हणत ताईंनी बॉनेट उघडलं. वाफेचा लोट अंगावर आला. त्या मागे वळल्या. आधी नातीला कडेवर घेतलं, मग दिव्यावरची टिकली काढली.