मथी खारवीण आणि दर्यापलीकडचा नारळ

एकदा काय झालं, नारळच संपले. हसू नका, खरंच संपले. दर्याकाठी शिंपलवाडी नावाचं गाव होतं. तिथे काळा भुंगा आला आणि माडांचे कोंब पोखरून गेला. माड वाळले. शेजारच्या गावांतलेही वाळले. मग कालवणात खोबरं नाही, दिव्यात तेल नाही आणि होड्या बांधायला सुंभ नाही. सुंभ म्हणजे काथ्याची दोरी, बरं का. जुन्या दोऱ्या कुजल्या, होड्या वाहून जायला लागल्या. लोक म्हणाले, आता गाव सोडू या. गाठोडीसुद्धा बांधायला लागले.

त्या गावात मथी नावाची खारवीण, म्हणजे दर्यावर मासे मारणारी बाई, राहायची. सुंभ वळण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आवाज तर असा, की ही इथे बोलली की खाडीपलीकडच्या कोंबड्या फडफडायच्या. ती म्हणाली, "थांबा रे! मी बियाण्याचा नारळ आणते. तवर कुणी गाव सोडायचा नाय."

सासरा म्हणाला, "मथ्ये, शोधशील तरी कुठं गो?"

"दर्यात. नारळ घेतल्याबिगर मी काय परत येत नाय." उरलासुरला सुंभ तिने होडीत टाकला, शीड चढवलं आणि निघाली.

मग लागलं पहिलं बेट. मथी काठावरूनच ओरडली, "घरात कोण हाय का?" आणि काय सांगू, बेटच हललं! ते बेट म्हणजे एक झोपलेलं कासव होतं. माणसं ओठांवर बोट ठेवून धावत आली. इथे कुणी मोठ्याने बोलतच नसे. कासव डुबकी मारायला लागलं, पोरंटोरं रडायला लागली. मथी पळाली का? छे! ती खाली बसली, कासवाच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूहळू अंगाई म्हणायला लागली. आवाज खाली आणताना बिचारीला घाम फुटला. पण कासव झोपलं. मग त्या लोकांनी तिला भाजलेले खेकडे वाढले. एकजण कानात म्हणाला, "ताई, कासवाच्या पाठीवर माड कसा रुजणार? पुढे जा."

मथी म्हणाली, "जाते. नारळ घेतल्याबिगर परत जायची नाय." पण हे तिने कुजबुजत म्हटलं.

मग दुसरं बेट. तिथे वाऱ्याचं घर होतं. रोज संध्याकाळी झोपड्या उडायच्या आणि माणसं त्यांच्यामागे पळायची. पम्या, पाय पांघरुणात घे आधी. हं. तर मथीने सुंभ काढला आणि एकेक झोपडी खुंटाला आवळून बांधली. सुंभ संपत आला तरी हात राखला नाही. तिच्याजवळ जेमतेम एक तुकडा उरला. लोक म्हणाले, "माड इथे टिकत नाही, मोडून पडतो. पण हा घे, टोपलीभर वारा. हा तुला पुढे नेईल."

आता वाटेत पाणी संपलं. ओठ फुटले. मथीला रडू आलं, पण ती वल्हं सोडेना. शेवटी तिने टोपलीचं झाकण उघडलं आणि होडी सुसाट सुटली. दिसलं तिसरं बेट. काठावर माडच माड! माडांखाली भाले घेतलेली माणसं उभी. भाले तिच्यावरच रोखलेले.

मथीने उरलेल्या तुकड्याने होडी खडकाला बांधली. सवयीने गाठ मारली ती शिंपलवाडीची. तीन पाकळ्यांची, बेलाच्या पानासारखी. शिंपलवाडीची एक रीत होती, बरं का. नारळी पौर्णिमेला गावकरी दर्याला सोललेला नारळ देत नसत. असोला, म्हणजे न सोलता, वरच्या काथ्यासकट द्यायचे आणि त्याला ही गाठ बांधायचे. दर्याला कळायला हवं ना, कुणी दिला ते! बाकीची गावं त्यांना हसायची.

ती गाठ बघून भाले खाली आले. एक म्हातारी पुढे आली. तिचं नाव नुवाई. तिच्या गळ्यात जुन्या सुंभाची माळ होती आणि माळेत सगळ्या त्याच गाठी! ती म्हणाली, "दरसाल दर्या आम्हाला असा नारळ आणून देतो. आम्ही तो खात नाही, पुरतो. हे माड त्याचेच. पण आता दोन-तीन सालं झाली, एकही आला नाही. आम्हाला वाटलं, पलीकडची माणसं मेली." आणि तिने मथीला पोटाशी धरलं. त्या दोघी अशा रडल्या म्हणता!

मग नुवाईने कोंब आलेले नारळ होडीत भरले. टोपलीतल्या उरलेल्या वाऱ्यावर मथी घरी आली. गाठोडी सुटली. माड लागले, वाढले आणि एके वर्षी पहिला नारळ धरला. पोरांच्या तोंडाला पाणी सुटलं. कुणी म्हणालं, "हा खाऊ या, दर्याला पुढच्या वर्षी देऊ."

मथी गरजली, "हात लावायचा नाय! तिकडं एक म्हातारी वाट बघत्ये." तिने गाठ बांधली आणि नारळ लाटेवर सोडला.

पुढच्या पावसाळ्यानंतर शिंपलवाडीच्या वाळूत एक असोला नारळ येऊन लागला. त्याच्यावरही तीन पाकळ्यांची गाठ होती. जरा सैल, जरा वाकडी, शिकाऊ हाताने मारलेली. मथीने ती सोडली नाही. नारळ तसाच पुरला.

तेव्हापासून इकडचे नारळ तिकडे जातात, तिकडचे इकडे येतात आणि दोन्हीकडची माणसं पोटभर जेवून सुखाने झोपतात. तुमचीही पोटं भरलीत ना? मग डोळे मिटा बघू. आणि मथीसारखं ओरडू नका, कासव झोपलंय.