भिंतीआधीचा रंग

देवाशपथ, ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलीय. तेव्हा मी जन्मलो नव्हतो, ते सोडा. इनामदारांनी एकसारख्या घरांची ओळ बांधायला काढली आणि यमाजी मुकादमाला बजावलं, "सगळे कारागीर आजच लाव. कुणी रिकामा दिसला, तर तुझी मुकादमी गेली!"

दुपारी येऊन बघतात तो रंगारी मोकळ्या जागेत हवेतच कुंचला फिरवतोय. इनामदार चक्रावून पुढं सरसावले.

"अहो सरकार, भिंतीतून काय येताय? दार तिकडं!" यमाजी ओरडला.

इनामदार गोंधळून तिकडं वळलेही. "पण भिंत कुठाय?"

"ती मागाहून येईल. रंग मात्र हुकमाप्रमाणं आजच!"

इनामदार खजील झाले. "बरं, गवंडी पुढच्या घरी सरकला, की मागच्यात रंगारी घाल."

त्यांना इतक्या लवकर उमगलं, तेवढंच मी माझ्या पदरचं घातलंय.