पुलावर आलेला कौल

खोल दरीच्या काठावर एकदा एक नगर वसले होते. तिथल्या लोकांनी आपल्यापुरता एक नियम केला होता. मोठा प्रश्न उभा राहिला की सर्वांनी चौकात जमायचे, हात उंचावून कौल द्यायचा, आणि निवडून दिलेल्या प्रमुखाने तो अमलात आणायचा. पूर्वीच्या एका प्रमुखाने लोकमत पायदळी तुडवले होते, म्हणून हे बंधन आले. नियमाचा मसुदा नगरातल्या एका वृद्ध आचार्यांनी केला होता, आणि त्यांचाच शिष्य भार्गव आता प्रमुख होता.

एका उन्हाळ्यात दरीपलीकडच्या रानात वणवा पेटला. वारा नगराच्या दिशेने वाहत होता. दरीवर एकच लाकडी पूल होता, आणि त्याच्या अलीकडच्या टोकाशी गुरांसाठी साठवलेल्या गवताच्या गंज्या होत्या. दुपारी चौक भरला. आचार्य म्हणाले, "पलीकडे गवळ्यांची वस्ती आहे. आधी त्यांचा ठावठिकाणा घेऊ या."

"गवळी कालच उतारावरच्या वाटेने खाली गेले," दरीकाठी राहणारी गिरजाबाई म्हणाली. "पूल तोडा. सगळ्यात आधी घर जळेल ते माझं." तिचा हात वर गेला, आणि पाठोपाठ जवळजवळ सगळे हात वर गेले.

भार्गव कुऱ्हाड घेऊन पुलापाशी आला. मागोमाग काठी टेकत आचार्यही आले. त्याने घाव घालायला कुऱ्हाड उचलली, तोच समोरच्या धुरात काही हलले. ती माणसे होती. उतारावरची वाट आगीने अडवली म्हणून गवळी मागे फिरले होते. म्हातारे, लेकुरवाळ्या बाया, खांद्यावर वासरे घेतलेले पुरुष, सारे पुलाकडे येत होते. पण ते अजून दूर होते, आणि आग त्यांच्या पाठीशी होती.

"गुरुजी, मी काय करू?" भार्गवने कुऱ्हाड खाली घेतली. "कौल पाळला तर ही माणसे जातील. मोडला तर त्या जुन्या प्रमुखात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

"कौल मोडू नकोस," आचार्य म्हणाले. एवढे बोलून ते सावकाश चालत पुलाच्या मधोमध गेले आणि फळ्यांवर मांडी घालून बसले.

भार्गवला काही उमजेना. "तुम्ही तिथे बसल्यावर मी पूल तोडू कसा?"

"वेशीवरची घंटा वाजव. ज्यांनी हात वर केले, त्यांना इथे बोलाव."

घंटा ऐकून नगर धावत आले, आणि काठावर येताच थबकले. गिरजाबाईने धुरातून येणारी माणसे पाहिली. मग तिने पदर खोचला. "आधी गंज्या हलवा," ती म्हणाली. "मग माणसं आणा. पूल शेवटी."

"कौल बदलता का?" भार्गवने मोठ्याने विचारले. काठभर हात वर झाले. खाली एकही राहिला नव्हता.

मग जे झाले ते तो आयुष्यभर विसरला नाही. गवताचे भारे हातोहात मागे गेले. पूल तोडा म्हणणारेच पूल ओलांडून धुरात शिरले आणि परक्यांची लेकरे उचलून आणू लागले. सर्वांच्या शेवटी आचार्य अलीकडे आले. पलीकडचे टोक पेटले होते. घाव पडले, आणि जळता पूल दरीत कोसळला.

आग पलीकडच्या कड्यावर आभाळाएवढी उभी राहिली आणि तिथेच अडली. गवळी आणि नगरवासी एकाच काठावरून तिच्याकडे पाहत राहिले.

"त्यांनी पुन्हा तोडा म्हटले असते तर?" भार्गवने हळूच विचारले.

"तर कुऱ्हाड आणि पद दोन्ही त्यांच्या हवाली करून तू माझ्याशेजारी येऊन बसला असतास," आचार्य म्हणाले. "तेवढी मोकळीक तुला होती. कौल प्रमुखाचे हात बांधतो, बाळा, डोळे नाही. चौकातून लोकांना जे दिसले नाही ते तुला दिसले, तर ते त्यांना दाखवणे हे तुझे काम. न दाखवता कौल पाळला असतास तरी तो त्यांचा विश्वासघात होता, आणि न विचारता मोडला असतास तरीही. मीदेखील घाबरलो होतो. ते येऊन काय पाहतील, हे मला तरी कुठे ठाऊक होते?"

एवढ्यात गिरजाबाई एका गवळ्याचे तान्हे मूल कडेवर घेऊन आली. "नवा पूल बांधायचा का, ते उद्या चौकात विचारा," ती म्हणाली. "माझा हात वर असेल."

भार्गवने मान लवविली. आपण नमस्कार गुरूंना केला, तिला केला की त्या काठावर उभ्या असलेल्या सगळ्यांना, हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते.